परीटघडीवर आमटी

मराठीत ‘खवय्या’ आहे, पण त्याचं स्त्रीलिंग कुणी केलेलं नाही. ‘सुगरण’ आहे, पण ती रांधणारी. खाणारीसाठी शब्द शोधायला गेलं की थेट ‘खादाड’ हाती लागतो. पुरुष चार गावं पालथी घालून तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आला, की तो दर्दी, शौकीन, चोखंदळ. बाई तेवढंच करून आली, की लोक म्हणतात, “तिला खायची आवड आहे हो.” त्या ‘हो’मध्ये सगळं येतं.

गंमत अशी, की ज्या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो त्यातला विणकर नर असतो. तो बिचारा गवताची पाती सोलून आणतो, गाठी मारतो आणि घरटं अर्धं झालं की त्याला लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत डोकावते, ओढूनताणून बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर शेजारच्याकडे जाते. मला ही बाई फार जवळची वाटते. मी जन्मभर हेच करत आले आहे. विणणाऱ्याने विणावं, रांधणाऱ्याने रांधावं, आपण जाऊन बोटांनी चाचपावं, चाखावं, आणि पसंत पडलं तर बूड टेकावं.

बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. फंडाचे पैसे कुठे गुंतवलेस, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते, कारण त्यातले बरेचसे तीन ठिकाणी गेले: बाहेर जेवण्यात, जेवायला जाताना नेसायच्या साड्यांत, आणि जेवणाच्या टेबलावर अंथरायच्या जुन्या कापडांत. नवऱ्याच्या मते ही तीन व्यसनं नसून एकच आजार आहे. माझी अडचण वेगळीच आहे. ही तिन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत. चांगलं खाल्लं की सांडतं. सांडलं की साडी जाते. साडी वाचली तर टेबलक्लॉथ जातो. माझ्या सुखाचा इतिहास लिहायचा झाला, तर तो डागांनीच लिहावा लागेल.

“जेवायला जायचंय की लग्नाला?” हा नवऱ्याचा ठरलेला प्रश्न. त्याला मी त्याच्याच पणजोबांचा दाखला देते. त्या काळी ब्राह्मण घरांतले पुरुष सोवळ्यात जेवायचे. पानावर बसण्यापूर्वी धूतवस्त्र किंवा रेशमी मुकटा नेसायचे. मुकट्याची सोय मोठी. सुती सोवळं रोज धुऊन, कुणी शिवणार नाही असं वाळवावं लागे. रेशीम विटाळत नाही अशी समजूत होती, म्हणून तेच पुन्हा पुन्हा नेसलेलं चालायचं. म्हणजे बघा, रोज दुपारी बारा वाजता रेशीम नेसून वरणभात खाणारे लोक हे, आणि यांच्या पणतूने मला हाफ पँटीत उभं राहून विचारावं, की जेवायला एवढं नटायचं कशाला! रेशमावर सांडलेल्या वरणाचं ते काय करत असत, हे मात्र मला कोणत्याही पोथीत सापडलेलं नाही. बहुधा बायकांना विचारत असतील.

माझं साड्यांचं कपाट ऋतूंप्रमाणे लावलेलं नाही, पदार्थांप्रमाणे लावलेलं आहे. आमरसाला पिवळी नारायणपेठ. सोलकढीला गुलबक्षी रंगाची मंगळगिरी. कॅम्पातल्या दोराबजींकडे (१८७८ पासून चालू आहे, म्हणजे पुण्यातल्या बऱ्याच वाड्यांपेक्षा टिकलं) धनसाक खायला तपकिरी टसर. धनसाक आणि टसर यांत फरक करणं तज्ज्ञांनाही जमणार नाही. गुडलकमध्ये बनमस्क्याला काहीही चालतं असं आपल्याला वाटतं, पण लोण्याचा डाग लबाड असतो. घरी येईपर्यंत दिसत नाही, इस्त्री फिरली की वर येतो. पांढरी साडी मी फक्त उपवासाला नेसते. भक्ती वगैरे काही नाही; उपवासाच्या पदार्थांत हळद नसते म्हणून. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, सगळा पांढऱ्या साडीला मानवणारा स्वयंपाक. एकादशी आणि दुप्पट खाशी हे माझ्याबाबतीत खरं आहे, पण निदान साडी स्वच्छ राहते.

मिसळीला इरकल. बेडेकरांच्या मिसळीच्या रांगेत नारायण पेठेत मी डाळिंबी इरकल नेसून उभी असते, तेव्हा मला वाटतं की आपण पूर्ण चिलखत घालून लढाईला निघालो आहोत. तर्री कुठेही उडाली तरी अंगावरच्या रंगात विरून जाईल, असा तो हिशेब. फक्त इरकलीचा टोपपदर असतो, त्यात तांबड्यावर पांढरे सुळके विणलेले असतात, हे मी विसरले होते. मागच्या श्रावणाआधी तोच पदर नेमका वाटीत गेला. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी “पदर, पदर” म्हणून सावध केलं, तेही इतक्या मोठ्याने, की दुकानातल्या सगळ्या बायकांनी आपापले खांदे चाचपले. माझा पदर त्या वेळी पावाच्या कामावर होता. तेवढी तर्री फुकट जाऊ नये असं एक क्षण मनात आलं, हे कबूल करते.

साड्यांचं एक बरं असतं, त्या अंगाबरोबर वाढतात. ब्लाउज वाढत नाही. म्हणून शिवताना आत जास्तीचं कापड सोडायचं असतं; त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. इतका सुंदर शब्द शिवणकामात कुणी आणला असेल? माझ्या टेलरमास्तरांना मी प्रत्येक वेळी सांगते, “मास्तर, दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवा.” दिवाळी झाली की एक टीप उसवायची, आंब्याचा मोसम झाला की दुसरी. गेल्या जूनमध्ये जुना खणाचा ब्लाउज घेऊन गेले. मास्तरांनी तो उलटा केला, चष्मा वर केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि एखाद्या संताच्या आवाजात म्हणाले, “काकू, आता माया उरली नाही.” दुकानात आणखी दोघी होत्या. त्यांच्याही चेहऱ्यावर क्षणभर वैराग्य आलं.

एकदा लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही एका फारच उंची हॉटेलात गेलो. नाव सांगत नाही, पुन्हा जायची ऐपत आली तर तोंड दाखवायला हवं. पांढरंशुभ्र टेबल, त्यावर कमळासारखा दुमडलेला, कडक खळ घातलेला नॅपकिन. वेटरने तो झटक्यात उलगडून नवऱ्याच्या मांडीवर घातला, तेव्हा नवऱ्याने झडती द्यावी तसे दोन्ही हात वर केले. माझ्या मांडीवर गर्भरेशमी साडी, वर खळीचा नॅपकिन. रेशमावर खळ टिकत नाही हे मला त्या दिवशी कळलं. नॅपकिन घसरगुंडीवरून उतरावा तसा उतरून खाली जायचा, वेटर नवीन आणायचा, तोही जायचा. तिसऱ्यानंतर मी तो गुडघ्यांत धरून बसले आणि उरलेलं जेवण घोड्यावर बसल्यासारखं जेवले. थालीपिठाचे तीन त्रिकोण एकमेकांना टेकून उभे केलेले होते, त्यावर लोण्याचा एक ठिपका. चव बरी होती. खरी पंचाईत शेवटी झाली. बोटं पिवळी झालेली आणि समोर ते बर्फासारखं कापड. माझा हात पुढे होईना. शेवटी मी पर्समधून माझा रुमाल काढला आणि त्याला बोटं पुसली. पाहते तर नवराही खिशातून त्याचा काढत होता. आमच्या संसारात इतकं एकमत क्वचितच झालं असेल. दुसऱ्याचं कापड वाचवायचं आणि आपलं खराब करायचं, हा कुठला संस्कार, मला सांगता येणार नाही; पण तो दोघांच्याही घरचा होता.

कापडाच्या बाबतीत आपलं घराणं कडकच. माझ्या आईच्या घरी कापडाला निवृत्ती नव्हती. नऊवार लुगडं आधी सणाचं, मग रोजचं, मग विरलं की दोन-चार पदरी दुमडून त्याची चौघडी. चौघड्या जुन्या झाल्या की त्यांची गोधडी, तिलाच कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. त्यातून उरलेल्या तुकड्यांचे उशांचे अभ्रे, अभ्र्यांची फडकी, फडक्याचं मसोतं, आणि मसोतं चुलीपाशी काळं पडलं की त्याचं पोतेरं. पोतेऱ्याच्या पुढे काय होतं, हे विचारायची कुणाला हिंमत नव्हती. मला वाटतं, ते झिजून हवेत जात असावं. एकेका लुगड्याने आमच्याकडे तीस-तीस वर्षं चाकरी केली आहे. एखाद्या गोधडीत शोधलं तर माझ्या आत्याच्या डोहाळजेवणाचं लुगडं, आजोबांचं धोतर आणि कुणाच्या तरी मुंजीतलं उपरणं शेजारी शेजारी सापडायचं, जिवंतपणी ज्यांचं पटलं नाही त्यांचीसुद्धा वस्त्रं.

जरीचं मात्र वेगळं. ते पोतेऱ्यापर्यंत पोचायचं नाही, त्याआधी बोहारीण यायची. जुन्या खऱ्या जरीत चांदी असे, म्हणून जुनी जर घेणारे दारोदार फिरत. ते कापड जाळून चांदी काढायचे. माझ्या आजीचा लग्नातला शालू, अंजिरी रंगाचा, आईने एका दुपारी देऊन टाकला आणि त्यावर एक स्टीलची परात घेतली. आईला दोष देत नाही. तेव्हा स्टील नवं होतं, चमकत होतं, आणि शालू खालच्या ट्रंकेत काळा पडत होता. ती परात माझ्याकडे आली. मी आजही आजीच्या शालूत कणीक मळते.

म्हणून आपल्याकडे जुनी कापडं शोधायला गेलं, की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. जे वापरलं ते झिजून संपलं. जे उरलं, ते वापरलेलंच नाही. माझ्या मोठ्या बहिणीने शाळेत असताना दुसुतीवर भरलेला एक टेबलक्लॉथ आमच्याकडे आहे. टाक्याटाक्याचे गुलाब, भोवती क्रोशाची झालर, पांढरा रंग अजून दुधासारखा. तो आयुष्यात तीनदा बाहेर आला. एकदा तिला बघायला आले तेव्हा, एकदा मला बघायला आले तेव्हा, आणि एकदा घरात पहिला टीव्ही आला तेव्हा, त्यावर टाकायला. बाकी चाळीस वर्षं डांबरगोळ्यांच्या वासात. तो मी कधी कधी उलगडून बघते. नक्षी सुरेख आहे. पण त्याच्यावर कुणी कधी जेवलेलं नाही आणि ते त्याला बघून कळतं.

मला हवं होतं तिसरंच काहीतरी. भरपूर वापरलेलं आणि तरी उरलेलं.

ते मला जुन्या बाजारात मिळालं. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, पितळी कड्या, एकाच पायातले बूट, आणि हे सगळं कुणीतरी विकत घेईल असा गाढ विश्वास बाळगून बसलेले विक्रेते. त्यातल्या एकाने मिक्सरच्या मोटारी मांडल्या होत्या. मोटारींच्या खाली एक मळकट कापड होतं, आणि त्याचा एक कोपरा वाऱ्याने उलटला होता. सकाळचं ऊन तिरकं पडलं होतं. त्या उन्हात कापडावर एक फूल दिसलं. मी जागेवरून हलले तर फूल गेलं. परत आले तर पुन्हा दिसलं. पांढऱ्यावर पांढरी विणलेली नक्षी, डमास्क म्हणतात ती. रंग एकच असतो, फक्त दोऱ्यांची वीण उलटसुलट केलेली असते, त्यामुळे उजेड एका ठिकाणी चमकतो आणि शेजारी मुरतो.

“हे केवढ्याला?”

“साडेसातशे. कॉपर वाइंडिंग आहे.”

“मोटार नाही हो, खालचं कापड.”

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. “ताई, ते विकायचं नाही. ते अंथरायचं आहे.”

“मलाही अंथरायचंच आहे.”

दोनशे रुपयांत आणि माझ्या खांद्यावरच्या ओढणीत सौदा झाला. मोटारी माझ्या ओढणीवर जाऊन बसल्या. ती काही वाईट नव्हती, मागच्याच वर्षी तुळशीबागेतून घेतलेली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की ती पन्नास वर्षांनी कुणी खवय्यी तिथून विकत घेऊ शकते.

पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरं कोऱ्या चहासारखं. चौथ्या पाण्याला कापडाने आपला रंग दाखवला. ओलसर असतानाच इस्त्री केली तेव्हा शेवंतीची फुलं वर आली, टेबलभर. कापड भाताच्या पेजेच्या सायीसारखं मऊ झालं होतं. एका कोपऱ्यात काळ्या शाईसारखी बारीक खूण होती: एक उभी रेघ आणि शेजारी तीन ठिपके. आणि लांबीच्या बाजूला, कडेपासून वीतभर आत, लिंबाच्या फोडीएवढा एक तपकिरी डाग.

डाग काही केल्या गेला नाही. मीठ लावलं, लिंबू लावलं, ताकात भिजवलं. मग मी नाद सोडला आणि तर्क करायला लागले. हळद नसणार, हळद इतकी वर्षं टिकत नाही. चहा म्हणावा तर काठ इतके ठाशीव नसते. कॅम्पातल्या कुठल्यातरी बंगल्यातलं कापड असावं, माणूस डावखुरा असावा, आणि त्याला वाढपी मागून काहीतरी विचारत असताना त्याने वळून बघितलं असावं. माझी खात्रीच आहे. जेवताना मागून प्रश्न विचारणारे वाढपी मी पाहिले आहेत.

वस्त्रांतलं कळणारी एक मैत्रीण आली. तिने बोट ओलं करून कापडावर टेकवलं, मागची बाजू बघितली, कान लावल्यासारखं करून चुरगाळलं, आणि म्हणाली, “सुती नाही गं हे. लिनन आहे.”

माझी धाकटी जाऊ नागपूरची. तिने विचारलं, “लिनन म्हणजे कशाचं?” मी सांगितलं, जवसाच्या झाडाच्या वाखाचं. तिचा विश्वास बसेना. पण झाड तेच आहे. लायनम युसिटाटिसिमम असं त्याचं शास्त्रीय नाव, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘अतिशय उपयोगी’. वाखासाठी लावतात ती जात उंच, सरळसोट, फांद्या कमी. ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात, आणि दवात किंवा पाण्यात कुजवून तिचा वाख सोडवतात. आपल्याकडची जात बुटकी, फांद्याफांद्यांची, बियांसाठी पेरलेली. जाऊ म्हणाली, “आमच्याकडे याच्या तेलात भाज्या करायचे. चटणी तर रोज. आणि तिकडे लोक याचा टेबलक्लॉथ करून त्यावर पाव खातात?” तिला हे जरा वायाच गेल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, अंबाडीचंही तसंच नाही का? पाल्याची भाजी करायची, वर लसणीची फोडणी, आणि देठं कुजवून त्यांचा वाख काढून दोर वळायचा. यावर ती गप्प झाली. मला मात्र फार बरं वाटलं. पोट आणि अंग एकाच झाडाने भागवावं, हे माझ्या तीन व्यसनांना कुणीतरी फार पूर्वीच दिलेलं उत्तर वाटलं.

मग एका रविवारी मी तो टेबलक्लॉथ अंथरला आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, कैरीचं लोणचं. आता मागे वळून बघताना वाटतं, पांढऱ्या कापडाच्या विरोधात याहून चांगली फौज उभी करता आली नसती. तपकिरी डागावर मी मिठाचं भांडं ठेवलं होतं.

सगळे बसले आणि घरात इस्पितळासारखी शांतता पसरली. नवरा आमटीचा चमचा तोंडापर्यंत नेताना खाली डावा हात धरत होता. भाचीने फोनवर फोटो काढला आणि मग काही खाल्लंच नाही. दीर थोडा वेळ अवघडून बसले, आणि मग त्यांनी सरळ ताट उचलून मांडीवर घेतलं. टेबल होतं, टेबलक्लॉथ होता, आणि पाहुणा ताट मांडीवर घेऊन सोफ्याच्या दिशेने सरकत होता. परीटघडी मोडू नये म्हणून आपण कपडे खुंटीला लावून उघडे बसतो, तसला प्रकार.

सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. अर्धं आयुष्य पाटावर बसून जेवल्या. टेबलावर जेवणं त्यांना अजूनही प्रवासात खाल्ल्यासारखं वाटतं. त्यांनी मीठ मागितलं. भांडं उचलावं लागलं.

“हा डाग कुणाचा?”

“तो आधीचाच आहे, आई. माहीत नाही कुणाचा.”

“मग कुणीतरी यावर जेवलंय ना?”

“हो.”

“मग जेवा की.” असं म्हणून त्यांनी आमटीची वाटी उचलली आणि भातावर ओतली. हात आता कापतो त्यांचा. थोडी भातावर पडली, बाकीची शेवंतीवर. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. “कट पातळ झालाय गं,” एवढंच म्हणाल्या.

दिरांचं ताट मांडीवरून टेबलावर आलं. जावेने लोणच्याची फोड वाढताना तेलाची एक रेघ ओढली, नवऱ्याच्या पुरणपोळीवरून तूप ओघळलं, भाचीने फदफद्यातले दाणे वेचून ताटाच्या कडेला काढता काढता दोन बाहेर घालवले. दुसऱ्यांदा आमटी मागितली गेली, तिसऱ्यांदाही. सगळे निघून गेल्यावर मी टेबलाशी बसले आणि कोण कुठे बसलं होतं, हे कापडावर वाचून काढलं.

संध्याकाळी तेलाच्या रेघेवर बेसन चोळून ठेवलं. पिवळ्या डागांना साबण लावला, तसे ते झर्रकन तांबडे झाले. हे दर वेळी होतं आणि दर वेळी मी दचकते. हळदीला खार लागला की ती तांबडी होते. चुन्याचा संस्कार करून हळदीचं कुंकू करतात, ते याच गुणावर. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “हळदीकुंकू झालं वाटतं.” मग मी घाबरणं सोडलं, भरपूर पाण्याने खळबळलं, डाग पुन्हा पिवळे झाले, आणि ओलंच गच्चीवर उन्हात टाकलं. हळद कशालाही ऐकत नाही, उन्हाला ऐकते. दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी नाही. सासूबाईंची आमटी गेली, नवऱ्याचं तूप गेलं. लोणच्याच्या तेलाची रेघ अजून आहे, अगदी बारीक, आणि तो जुना लिंबाच्या फोडीएवढा डाग आहे. दोघांत वीतभर अंतर आहे.

आता राहिली कोपऱ्यातली खूण. एक रेघ, तीन ठिपके. ती धोब्याची, बिब्ब्याने घातलेली. बिब्ब्याचा रस चुन्याशी मिळाला की कापडावर असा काळा बसतो, की कापड फाटेल पण खूण जाणार नाही. इंग्रज तर त्या फळाला खुणेचं बी याच अर्थाच्या नावाने ओळखत. शंभर घरांच्या चादरी एका घाटावर पडायच्या, त्यात आपली ओळखायची ती अशी. म्हणजे हे कापड किती वेळा घाटावर गेलं असेल, आपटलं गेलं असेल, नीळ-खळ लावून घडी होऊन परत आलं असेल! मला वाटलं, आपलीही एक खूण तिथे असावी. फार मोठी नाही, एक ठिपका.

रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात गेले. बिब्बे मागितले तसं दुकानदाराने विचारलं, “गुडघ्याला की टाचेला?”

“टेबलक्लॉथला.”

त्याने हातातला तराजू खाली ठेवला. “जपून हं ताई. उततो. हाताला लागला तर फोड येतील.” मग थोडं थांबून, “आणि कापडावर बिब्बा घालून करणार काय? चांगल्या गोष्टीत बिब्बा घालू नये म्हणतात.”

मी त्याला सगळं सांगितलं, मोटारींपासून आमटीपर्यंत. गिऱ्हाईक नव्हतं, त्याने ऐकून घेतलं. मग कागदाच्या पुडीत चार बिब्बे बांधून दिले आणि मागच्या डब्यात हात घालून विचारलं, “गोडंबी देऊ? याच्याच आतलं बी. थंडी आलीच आहे, डिंकाच्या लाडवांत घाला.”

मी पाव किलो घेतली.